आजचं चिंतन : गीता ६.३७ ते ६.४०, आणि स्ट्राइक न पडणारा मुलगा



सहाव्या अध्यायात आपण गेले दोन आठवडे मुक्काम ठोकून आहोत. काल ३५ आणि ३६ झाले. मन वाऱ्यासारखं आहे, धरवत नाही, अशी अर्जुनाची तक्रार होती. देवांनी ती आधी मान्य केली आणि मग अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितले. आज ३७ ते ४०.

खरं सांगते, हे चार श्लोक मी आजवर घाईतच वाचत आले. उपाय ३५ व्या श्लोकातच मिळाला ना, मग अर्जुन पुन्हा काय विचारतोय, असं वाटायचं. क्लासमध्ये एखादा मुलगा तास संपताना हात वर करतो आणि सगळे त्याच्याकडे रागाने बघतात, तसं. या वर्षी मात्र याच श्लोकांनी मला धरून ठेवलं. कारण गीतेतलं नाही, बेसबॉलमधलं आहे. हसू नका, सांगते.

एप्रिल-मेमध्ये मी सहा आठवडे न्यूजर्सीला ताईकडे होते, हे तुम्हाला माहीत आहे (तेव्हा पोस्ट वेळेवर येत नव्हत्या म्हणून तुमच्यापैकी काहींनी मेसेजही केले होते!). ताईचा मुलगा सतरा वर्षांचा. डावखुरा, उंच, आणि बेसबॉलमध्ये पिचर. तिथे हायस्कूलचा हंगाम वसंतात असतो. गेल्या वर्षी त्याला बघायला दोन-तीन कॉलेजांचे कोच मैदानावर येऊन बसायचे, हातात ते वेग मोजायचं यंत्र घेऊन. घरात सगळ्यांच्या बोलण्यात 'स्कॉलरशिप' हा शब्द यायला लागला होता. आणि या वर्षी त्याची स्ट्राइकच पडेना.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचर एका उंचवट्यावरून साधारण साडेअठरा मीटरवर चेंडू फेकतो, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा थोडं कमीच अंतर. टप्पा नाही. समोर जमिनीत एक पांढरी पाटी असते, १७ इंच रुंद. तिच्यावरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत चेंडू गेला तर स्ट्राइक. बाहेरून गेला आणि बॅटरने बॅट फिरवली नाही तर बॉल. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद. चार बॉल झाले की तो फुकटात पहिल्या बेसवर चालत जातो; त्याला 'वॉक' म्हणतात. आपल्याकडे वाइड टाकला तर एक धाव जाते आणि खेळ पुढे सरकतो. तिथे बॅटर तुमच्या डोळ्यांसमोरून रमतगमत चालत जातो, आणि पुढचा येऊन उभा राहतो.

मी पाहिलेल्या पहिल्याच मॅचमध्ये भाच्याने ओळीने चार वॉक दिले. चौथ्याला तर कोणी काही न करता समोरच्या टीमची धाव झाली. पिचरची गंमत अशी, की तो उंचवट्यावर एकटा असतो आणि त्याने फेकल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. लपायला जागा नाही. ताई घडीच्या खुर्चीत चहाचा थर्मास दोन्ही हातांनी धरून बसली होती, झाकण न उघडता. मागून कोणाचे तरी बाबा म्हणाले, "फक्त स्ट्राइक टाक ना रे!" जणू त्याला ते सुचलंच नव्हतं. कोचने जाऊन चेंडू त्याच्या हातातून घेतला. परतीच्या गाडीत कोणी बोललं नाही. मीच बोलले, कारण मला शांतता सहन होत नाही. "अरे, होतं असं. पुढच्या वेळी नीट होईल." त्याने हेडफोन लावले.

त्या रात्री भांडी आवरताना ताई म्हणाली, "तू रोज गीता वाचतेस, लोकांना सांगतेस. मग सांग ना त्याला काहीतरी. माझा धीर संपत चाललाय गं." तिचे पैसेही संपत चालले होते, तेही तिने सांगितलं. खासगी कोचिंग, उन्हाळ्यातली टीम, दर शनिवार-रविवार तीन तास गाडी चालवणं. पण पैशांपेक्षा तिला खायला उठत होतं ते जेवणाच्या टेबलावरचं त्याचं गप्प बसणं.

मग मी अभ्यासाला लागले. धीर देणारी गोष्ट शोधत होते, आणि अशा वेळी जी गोष्ट सगळ्यांना सापडते तीच मला सापडली.

रॉय हॅलडे. १९९५ मध्ये टोरोंटो ब्लू जेज या संघाने त्याला पहिल्या फेरीत निवडलं. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये, कारकिर्दीतल्या दुसऱ्याच सामन्यात, एकवीस वर्षांचा हा मुलगा डेट्रॉइटला एकही हिट न देता नवव्या डावापर्यंत पोचला. फक्त एक गडी बाद करायचा बाकी होता आणि तेव्हा होमरन गेली. तरी सामना जिंकला. सगळे म्हणाले, हा उद्याचा तारा. २००० मध्ये काय झालं? साधारण ६८ डाव टाकले आणि त्याची सरासरी होती १०.६४. नऊ डावांमागे पिचर किती धावा देतो, ती ही सरासरी. तीन-साडेतीन म्हणजे उत्तम, पाच म्हणजे काळजीचं. एका हंगामात किमान ५० डाव टाकलेल्यांमध्ये इतकी वाईट सरासरी तोवर कोणाचीच नव्हती.

२००१ च्या वसंतात टोरोंटोने त्याला एकदम खालच्या वर्गात पाठवलं. तिथे मेजर लीगच्या खाली ट्रिपल ए, डबल ए, सिंगल ए अशा पायऱ्या असतात. याला सिंगल ए. म्हणजे नोकरीत मॅनेजर झालेल्या माणसाला पुन्हा ट्रेनी करावं तसं. गाव फ्लोरिडातलं डनीडिन. गंमत बघा, ब्लू जेजचं सरावाचं ठिकाणही तेच. म्हणजे संघ सराव संपवून टोरोंटोला गेला आणि हा तिथेच मागे राहिला, पोरांसोबत.

तिथे मेल क्वीन नावाचे जुने पिचिंग कोच त्याच्याबरोबर बसले. बसले म्हणजे गोड बोलले असं नाही; माणूस कडक होता. हॅलडेचा चेंडू प्रचंड वेगात यायचा पण सरळ यायचा, आणि त्या पातळीवरचे बॅटर सरळ चेंडू कितीही वेगात आला तरी मारतात. क्वीननी त्याचा हात डोक्यावरून खाली, तिरका आणला, चेंडूवरची पकड बदलली. लहानपणापासून ज्या पद्धतीने फेकत आला ती जवळजवळ मोडूनच टाकली. त्याच काळात त्याच्या बायकोने पुस्तकाच्या दुकानातून हार्वी डॉर्फमन यांचं पिचरच्या मनाविषयीचं पुस्तक त्याला आणून दिलं. ते त्याने पुढे आयुष्यभर जवळ ठेवलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात पायऱ्या चढत तो टोरोंटोला परतला. २००३ मध्ये साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम पिचर. २०१० मध्ये फिलाडेल्फियाकडून खेळताना २९ मे रोजी 'परफेक्ट गेम': सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस गेले, एकही बेसवर पोचला नाही. त्यानंतर त्याने सहकाऱ्यांना आणि मैदानावरच्या मदतनिसांना घड्याळं भेट दिली, पन्नासहून जास्त. त्या घड्याळांवरच्या ओळीत त्याने हे सगळ्यांनी मिळून केलं असं म्हटलं होतं. ही गोष्ट मला फार आवडली. मी मनात तयारीही केली, की इथे थांबायचं, इथे आवाज जरा खाली आणायचा.

दुसऱ्या दिवशी भाच्याला सांगितली. त्याने ऐकली. मग म्हणाला, "मावशी, मला माहीत आहे हॅलडे. सगळ्या पिचरना माहीत असतो. पण तो हॅलडे झाला म्हणून तू मला त्याची गोष्ट सांगतेयस ना? जे नाही झाले त्यांची कोण सांगतं? डॅल्कोव्स्की वाच." आणि वर निघून गेला.

वाचलं. रात्री दोनपर्यंत.

स्टीव्ह डॅल्कोव्स्की, कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनचा. बाल्टिमोर ओरिओल्सने १९५७ मध्ये घेतला. ज्यांनी त्याला बघितलं त्यांच्यातले कितीतरी जण म्हणायचे, इतका वेगवान चेंडू आम्ही कधी पाहिलाच नाही. पण तो कुठे जाईल हे कोणालाच सांगता यायचं नाही, त्यालाही. १९६० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला त्याने १७० डावांत २६२ जण स्ट्राइकवर बाद केले आणि तेवढेच, २६२, वॉक दिले. आकडा पुन्हा वाचा. एवढी देणगी आणि एवढी दैना, बरोबर समान! १९६२ मध्ये एल्मायराला त्याला अर्ल वीव्हर हे मॅनेजर मिळाले, जे पुढे ओरिओल्सचे फार मोठे मॅनेजर झाले. वीव्हरनी त्याच्यावर सूचनांचा मारा बंद केला. सांगितलं ते एवढंच, की जोर थोडा कमी कर आणि पाटीवरून टाक. त्या वर्षी १६० डावांत ११४ वॉक. तरीही जास्तच, पण त्याच्यासाठी चमत्कार. १९६३ च्या वसंतात तो ओरिओल्सच्या मुख्य संघात जाणार असं ठरल्यातच जमा होतं. गणवेशाचं मापही घेतलं होतं. आणि सरावाच्या सामन्यात कोपर गेलं.

तो वेग परत आला नाही. १९६५ मध्ये कारकीर्द संपली. मेजर लीगमध्ये एक चेंडूसुद्धा टाकला नाही. नंतर कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मजुरी, दारू, आणि दारूने नेलेली स्मृती. शेवटची पंचवीसेक वर्षं न्यू ब्रिटनमध्ये, एका शुश्रूषागृहात, बहिणीच्या देखरेखीखाली. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला. 'बुल डरहम' हा १९८८ चा सिनेमा बघितला असेल तर त्यातला तो सुसाट पण बेताल पिचर थोडाफार याच्यावरूनच घेतलेला आहे. सिनेमातला मात्र वर पोचतो.

सिनेमांचं हे असंच. 'मिलियन डॉलर आर्म' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन मुलांचा. भालाफेक करणारी मुलं, २००८ मध्ये स्पर्धेतून निवडली, वर्षभरात पिट्सबर्ग पायरेट्सशी करार. सिनेमा तिथे संपतो आणि आपण डोळे पुसत बाहेर येतो. खरी कसोटी तर करारानंतर सुरू झाली. दिनेश दोन हंगामांनंतर मोकळा झाला. रिंकू कितीतरी वर्षं खालच्या पायऱ्यांवर राहिला, दुखापतींशी झगडला, वर पोचला नाही, आणि शेवटी कुस्तीकडे वळला. त्या वर्षांवर कोणी सिनेमा काढला नाही.

सकाळी आंघोळ करून गीता उघडली. क्रमाने आला होता ३७ वा श्लोक. अर्जुन विचारतो (माझ्या शब्दांत): देवा, श्रद्धा आहे, पण प्रयत्न पुरा पडला नाही, मन वाटेतून घसरलं, सिद्धी मिळाली नाही, अशा माणसाचं काय होतं? ३८ मध्ये तो ढगाची उपमा देतो. मोठ्या ढगातून फाटून वेगळा झालेला ढगाचा तुकडा, ना या ढगात ना त्या, वाऱ्यात विरून जाणारा. तसा हा माणूस इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा नाहीसा होतो का? ३९ मध्ये म्हणतो, हा संशय तुझ्याशिवाय कोणी फेडू शकणार नाही.

मी पुस्तक मिटून बसले. माझ्या भाच्याने हॅलडेची गोष्ट ऐकून जे विचारलं होतं तेच हे. अभ्यास आणि वैराग्याने मन ताब्यात येतं हे ऐकल्यावर अर्जुन "वा, छान" म्हणत नाही. तो म्हणतो, ज्याचं नाही आलं त्याचं सांग. आणि मी इतकी वर्षं त्याला तास लांबवणारा मुलगा समजत होते.

आता देवांचं उत्तर. ४० व्या श्लोकात ते अर्जुनाला 'तात' म्हणतात, म्हणजे बाळा, लेकरा. इतक्या गंभीर प्रश्नाला उत्तर देताना आधी जवळ घेतात. आणि मग सांगतात, की चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही, इथेही नाही आणि पलीकडेही नाही. लक्षात घ्या, 'तो शेवटी यशस्वी होईलच, तू काळजी करू नकोस' असं देव या श्लोकात म्हणत नाहीत. माझं गाडीतलं "पुढच्या वेळी नीट होईल" आणि हे, यांत खूप अंतर आहे. मी त्याला निकालाचं आश्वासन देत होते, जे देण्याचा मला अधिकारच नव्हता. देव निकालाबद्दल बोलतच नाहीत. ते त्या माणसाबद्दल बोलतात.

हे कळल्यावर मला 'धीर' या शब्दाचीच भीती वाटायला लागली. आपण ज्याला धीर म्हणतो त्यातला बराचसा भाग उधारी असते. आत्ता मी थांबते, नंतर तू मला फळ दाखव. टोरोंटोने हॅलडेसाठी धीर धरला, हे खरं. पण तो पहिल्या फेरीतला होता, त्याच्यावर पैसा लागला होता, त्याचा हात तोफेसारखा होता. तीसाव्या फेरीत निवडलेल्या एखाद्या मुलाची सरासरी १०.६४ झाली असती तर कोणता क्वीन त्याच्यासाठी डनीडिनला बसला असता? आता तर २०२१ पासून मेजर लीगशी जोडलेले खालचे संघच १२० वर आणलेत, पूर्वी ते याहून कितीतरी जास्त होते. जागा कमी झाल्या की धीर आपोआप महाग होतो. मी त्यांना दोष देत नाही, तो धंदा आहे. पण आपण घरात, ऑफिसात, सत्संगात सुद्धा त्याच हिशेबाने थांबतो, आणि वर त्याला प्रेम म्हणतो, हे मला खटकतं. माझंच बघा. ऑफिसात माझ्या हाताखाली एक मुलगी होती. सहा महिने मी तिला "टेक युअर टाइम" म्हणत राहिले, आणि मनात तारीख ठरवून ठेवली होती. तिला ती तारीख माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार. ती सोडून गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते मी आज पहिल्यांदा लिहितेय.

डॅल्कोव्स्कीसाठी कोणी धीर धरला? संघाने धरला, कोपर जाईपर्यंत. त्याच्या बहिणीने त्यानंतर पंचवीस वर्षं. तिच्या समोर कुठलीही मेजर लीग नव्हती.

यावर तुमच्यातलं कोणीतरी नक्की लिहील, की रिक अँकीलचं बघा. बघितलं. २००० च्या ऑक्टोबरमध्ये सेंट लुईसच्या या एकवीस वर्षांच्या मुलाने एका डावात पाच चेंडू कॅचरच्याही हाताबाहेर भिरकावले, त्यानंतर त्याची पिचिंग कधीच धड सावरली नाही. आणि २००७ मध्ये तोच बॅटर होऊन, बाहेरच्या मैदानावरचा खेळाडू होऊन परत आला, परतल्या दिवशीच होमरन मारली. उद्याच्या श्लोकांत योगभ्रष्टाला दुसऱ्या चांगल्या घरी जन्म मिळतो आणि तो जिथे सोडलं तिथून पुढे जातो असं येतं, त्याला हे उदाहरण अगदी चपखल बसतं. इतकं चपखल की मी ते भाच्याला मुद्दाम सांगितलं नाही. हॅलडेने काम झालं नाही तर अँकील, असं मी दुकान मांडून बसले असते.

मग काय करायचं? हात जोडून बसायचं? नाही. वीव्हरनी काहीतरी केलंच ना. आणि सँडी कूफॅक्सच्या बाबतीत तेच झालं होतं. १९५५ मध्ये आला, तेव्हाच्या नियमाने जास्त बोनस मिळालेल्या पोराला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवावं लागायचं, त्यामुळे खाली जाऊन शिकायची सोयच नव्हती. सहा हंगाम अडखळला: ३६ विजय, ४० पराभव. १९६१ च्या सराव शिबिरात त्याचा कॅचर नॉर्म शेरी त्याला म्हणाला, की इतक्या जोरात फेकू नकोस, जरा सोडून दे. पुढची सहा वर्षं कूफॅक्स म्हणजे काय होतं ते बेसबॉलवाल्यांना विचारा. दोघांना मिळालेला सल्ला एकच: मूठ सैल कर. दोघांच्या हातात अभ्यास भरपूर होता, कमी होतं ते दुसरं. मला तर ३५ व्या श्लोकातलं वैराग्य त्या दिवशी पहिल्यांदा बोटांत कळलं. पण हेही लक्षात ठेवायला हवं, की एकाच औषधाने एक कूफॅक्स झाला आणि दुसऱ्याचं कोपर गेलं.

सैल सोडणं पिचरने शिकायचं हे ठीक. खुर्चीत थर्मास आवळून बसलेल्यांनी? ताईने, आणि तिच्या शेजारी बसून प्रत्येक चेंडूला श्वास रोखणाऱ्या मी? त्याला आमचा रोखलेला श्वास साडेअठरा मीटरच्याही पलीकडून ऐकू येत होता, असं त्याने नंतर स्वतःच सांगितलं.

२३ व्या श्लोकात आपण एक शब्द पाहिला होता, आठवतंय का? 'अनिर्विण्ण'. न कंटाळलेलं, न खचलेलं मन. त्या दिवशी मी तुम्हाला टिटवीची गोष्ट सांगितली होती. समुद्राने अंडी नेली, ती चोचीने समुद्र उपसायला लागली, शेवटी गरुड धावून आला आणि समुद्राने अंडी परत केली. मी गोष्ट संपवून टाळ्या घेतल्या. आता वाटतं, मी तिथेही हॅलडेच सांगितला. गौडपादाचार्यांच्या मांडूक्य कारिकेत हेच उदाहरण आहे, कुशाच्या टोकाने थेंब थेंब समुद्र उपसण्याचं, न खचता. पण तिथे गरुड नाही. अंडीही नाहीत. गवताचं टोक आहे, थेंब आहे आणि समुद्र आहे. आचार्य तेवढ्यावर थांबतात. हे मी आधीही वाचलं होतं, गरुड नाही हे मात्र दिसलं नव्हतं.

निघायच्या आदल्या आठवड्यातली एक संध्याकाळ. ताईच्या गॅरेजसमोर एक जाळी लावलेली आहे, मधोमध पट्ट्यांचा चौकोन. भाचा तिथे फेकत होता. मी बाहेर गेले. बेसबॉलवाले कोच बादली उपडी घालून तिच्यावर बसतात, तशी एक बादली होती, तिच्यावर बसले आणि दुसऱ्या बादलीतून त्याला एकेक चेंडू देत राहिले. त्याने विचारलं, "काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "नाही रे. आत ताई कांदा परततेय, डोळे चुरचुरतात म्हणून बाहेर आले." तो हसला. काही चेंडू चौकोनात गेले. काही जाळीच्या कडेला. एक सरळ गॅरेजच्या दारावर, असा आवाज झाला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मी मोजत होते का? पहिले पंधरा-वीस मोजले, खोटं कशाला बोलू. मग अंधार पडायला लागला आणि मोजणं सुटलं. मध्ये एकदा तो म्हणाला, "मावशी, समजा नाहीच झालं, तर आईला वाईट वाटेल." मी म्हटलं, "वाटेल. तुलाही वाटेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुझ्यासाठी पोहे करेल." त्याने पुढचा चेंडू मागितला.

त्याचा हंगाम संपला. शेवटच्या तीन सामन्यांत कोचने त्याला फार उतरवलं नाही. कॉलेजचा फोन आलेला नाही. उन्हाळ्याची टीम त्याने स्वतः निवडली, आधीच्यापेक्षा खालच्या दर्जाची, घराजवळची. ताई आता खुर्ची थोडी लांब लावते, झाडाखाली, आणि चहा पिते म्हणे. काल रात्री तिचा मेसेज होता, सोबत फोटो : "दाराला आणखी एक पोचा. एकूण सात."

उद्या श्लोक ४१ ते ४४. ज्यांनी अजून ३५ वरचं पाठांतर पाठवलं नाही त्यांनी सावकाश पाठवा, तारीख नाही.

जय हरी.